मीटरच्या कपाटातलं पार्सल

आमच्या घरमालकांचं नाव मी सांगत नाही. ते आता हयात नाहीत, तरी धोका नको. नाव छापलेलं दिसलं तर ते जिथे असतील तिथून अर्ज करतील, सदर माहिती कोणत्या अधिकारात प्रसिद्ध केली म्हणून, आणि तीस दिवसांत उत्तर मागतील. आम्ही त्यांना सर म्हणत असू. अर्धं पनवेल त्यांना सरच म्हणत असे, कारण अर्ध्या पनवेलला त्यांनी नागरिकशास्त्र शिकवलं होतं.

नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटाला बांधलेला वीस मार्कांचा विषय. मुलं त्याला 'ना.शा.' म्हणत आणि परीक्षेच्या सकाळी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत वाचून टाकत. सरांनी तो जन्मभर शिकवला, जणू बाकीचे सगळे विषय त्याची तयारी करून घेण्यासाठीच आहेत. दरवर्षी ते वर्ग घेऊन शिरढोणला जात. इतर शिक्षक क्रांतिकारकाच्या जन्मघरासमोर मुलांना हात जोडून उभं करत. सर मात्र घराकडे पाठ करून उभे राहत आणि विचारत, "हा समोरचा रस्ता कोणाचा? ग्रामपंचायतीचा की जिल्हा परिषदेचा? आणि हा खड्डा?" खड्ड्याचा मालक सापडेपर्यंत डबे उघडायची परवानगी नसे.

ते निवृत्त झाले आणि थोड्याच काळात माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. एखाद्या गवयाला साठीनंतर अचानक श्रोते मिळावेत, तसं त्यांचं झालं. जन्मभर ज्या नागरिकाबद्दल ते शिकवत आले, तो नागरिक आता सरकारला प्रश्न विचारू शकत होता. पनवेलमध्ये असा नागरिक पटकन दुसरा कोणी सापडेना, म्हणून ते स्वतःच झाले.

मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा पनवेलच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. न्यू पनवेलमध्ये, विचुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची दोन घरं समोरासमोर होती. मोठ्यात ते एकटे राहत; पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. समोरचं एका खोलीचं घर त्यांना भाड्याने द्यायचं होतं. घर दाखवण्याआधी त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली.

"विधान परिषद बरखास्त होते का?"

"होत असावी," मी म्हणाले.

"होत नाही. एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात, सभागृह राहतं." माझ्याकडे करुणेने बघून ते म्हणाले, "चालेल. वय लहान आहे. शिकता येईल."

त्या घराच्या भिंतींना फिकट निळा रंग होता. स्वयंपाकाच्या ओट्यावर उंच बाईला सोयीची अशी उंच फळी होती. माझा हात तिथवर पोचत नसे. "रंग बदलायचा असल्यास लेखी कळवा," सर म्हणाले. पुढे मला कळलं की हे घर त्यांनी मुलीसाठी घेतलं होतं. रंग तिने निवडला होता, फळीही तिच्या मापाची होती. ती तिथे एक दिवसही राहिली नाही. मग मी रंग बदलायचा अर्ज कधी केला नाही.

मुलीचं नाव मीनल. तिने उरणकडच्या एका कोळी घरातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा बंदराच्या कामात, द्रोणागिरीला एका गोदामात सुपरवायझर, शिकलेला, शांत. मुलगा सरांचाच विद्यार्थी होता. संविधानाची उद्देशिका त्याने सरांकडूनच पाठ केली होती, आणि समता, बंधुता हे शब्द सरांनी त्याच्याकडून घोटून घेतले होते. पण प्रश्न घरात आला तेव्हा सर वीस मार्कांचे निघाले. लग्नाला गेले नाहीत. मीनल गेली, आणि त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं तर ते फक्त तळमजल्यावरच्या नाईककाकूंच्या तोंडून. काकूंना गप्प बसवणारा कायदा अजून आलेला नव्हता.

सरांच्या दारावर तीन पाट्या होत्या. पहिलीवर नाव, दुसरीवर पदव्या. तिसरी चार स्क्रूंनी पक्की बसवलेली होती: 'दुपारी १ ते ४ घंटी वाजवू नये. टपाल, पार्सल व चाव्या तळमजल्यावरील मीटरच्या कपाटात ठेवाव्यात. आज्ञेवरून.'

"कोणाच्या आज्ञेवरून?" मी एकदा विचारलं.

"माझ्या."

"पण तुम्ही दुपारी झोपत नाही. मी सुट्टीच्या दिवशी घरी असते ना, तुमच्या सपाता ऐकू येतात."

"झोपत नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण झोपण्याचा हक्क सोडलेला नाही."

ते मीटरचं कपाट म्हणजे आमच्या इमारतीचा सामायिक विश्वास. जिन्याखाली, लाकडी दारांचं, कुलूप नसलेलं. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाची अडचण व्हायला नको म्हणून. विजेच्या मीटरांच्या खालच्या फळीवर दुधाच्या पिशव्या, घरोघरच्या किल्ल्या, नाईककाकूंची देवाची फुलं, आणि आता कुरिअरची खोकी. लोकांनी ऑनलाइन वस्तू मागवायला नुकती सुरुवात केली होती. सरांची पाटी दुसऱ्या मजल्यावर होती, पण नियम सगळ्या इमारतीने उचलला. कुरिअरवाल्यांनाही तो आवडला. चढायचा जिना वाचला. अधूनमधून एखादं खोकं नाहीसं होई. कोणाचे बूट, कोणाचं इस्त्रीचं यंत्र. लोक चार दिवस हळहळत आणि पुन्हा तिथेच ठेवायला सांगत.

त्यांच्या वल्ली स्वभावाच्या कथा सांगायला बसले तर संपणार नाहीत. भाजीवाल्याकडे ते भाववाढीची कारणं मागत. सरकारी फलकांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका खिशातल्या खडूने दुरुस्त करत, आणि खाली बारीक अक्षरात 'सुधारित' असं लिहीत. एकदा एका सार्वजनिक कार्यक्रमात जागरूक नागरिक म्हणून त्यांचा सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांनी काळा चष्मा न काढता पारदर्शकतेवर दीर्घ भाषण केलं. मग सरांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. उत्तर द्यायला उभे राहिल्यावर सरांनी एवढंच विचारलं, "ही शाल कोणत्या लेखाशीर्षाखाली खरेदी केली?" सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न कोर्ट फी स्टॅम्प लावून लेखी विचारला, तेव्हा कोणी हसलं नाही. पुन्हा त्यांचा सत्कारही झाला नाही. ती शाल नाईककाकूंच्या इस्त्रीच्या टेबलावर शेवटपर्यंत अंथरलेली होती.

मी त्यांच्याबरोबर हसत असे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावरही. एवढ्याशा माहितीसाठी एवढा मोठा माणूस खर्च होतोय, असं मला वाटे. पार्सलच्या प्रकरणानंतर तसं वाटणं थांबलं.

एका शनिवारी संध्याकाळी नाईककाकू जिना चढून वर आल्या. काकू गुडघ्यांमुळे सहसा चढत नसत.

"सर, पार्सल मिळालं ना?"

"कसलं पार्सल?"

"अहो, दुपारी देवळात जाताना किल्ली ठेवायला कपाट उघडलं तर तुमच्या नावाचं खोकं. हे एवढं. अक्षर आपल्या मीनलचं. मी म्हटलं, चला, देवाने बुद्धी दिली. कोणाला दिली ते मी म्हणत नाही."

सर सपाता न घालता खाली गेले. मीही गेले. कपाटात दुधाची रिकामी पिशवी होती, किल्ल्या होत्या, काल राहिलेला झेंडू होता. खोकं नव्हतं. सरांनी दोन्ही दारं सताड उघडली, मीटरांच्या मागे हात घालून बघितलं, मग दारं लावली आणि पुन्हा उघडली. मी त्यांना इतकं निरुपयोगी काम करताना कधी बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. "साक्षीदार लागतो," म्हणून मला बरोबर घेतलं होतं, मी काहीच बघितलेलं नसताना. टेबलामागे हवालदार म्हात्रे होते. सरांना बघून ते उभे राहिले, इतक्या घाईने की खुर्ची मागे पडली.

"सर! बसा, बसा. मी मागच्या बाकावरचा. तुमी मला अंगठे धरायला लावायचे."

"कशासाठी?"

"राष्ट्रपती न पंतप्रधान यांच्यात गोंधळ व्हायचा."

"अजून होतो?"

"आता साहेबांचा न मोठ्या साहेबांचा होतो," म्हात्रे म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. "बोला. काय चोरीला गेलं?"

"पार्सल."

"पार्सलमधे काय होतं?"

"ते मिळालं असतं तर सांगितलं असतं."

"म्हंजे म्हाईत नाय."

"माहीत नाही."

"कुरिअर कंचा?"

"माहीत नाही."

म्हात्र्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, तुमीच सांगा, मी काय लिवू? काय गेलं ते म्हाईत नाय, कोनी आनलं ते म्हाईत नाय. चोरी लिवायची तर वस्तू लागते. मी 'गहाळ' असा दाखला देतो. सगल्यांना तोच देतो. लगेच मिलतो."

"गहाळ म्हणजे माझ्या हातून हरवलं. माझ्या हातात आलंच नाही, तर हरवेल कसं?"

"बरं, पाठवलं कोनी?"

सर थोडा वेळ समोरच्या भिंतीवरचा नागरिकांच्या सनदेचा फलक वाचत राहिले. त्यात दोन चुका होत्या; खडू काढला नाही. "उरणहून आलं," ते म्हणाले.

"मंग उरनला फोन लावा न! काय पाठवलं ते इचारा, मी इथे लिवतो, झालं. नंबर द्या, मीच लावतो."

"नंबर आहे," सर म्हणाले, "पण तो या तक्रारीचा भाग नाही."

परत येताना रिक्षात मी म्हणाले, "म्हात्रे बरोबर बोलले, सर. एक फोन केला की..."

"फोन करून काय सांगू? तू पाठवलेली वस्तू माझ्या पाटीमुळे गेली? आधी काय होतं ते कळू दे. मग बोलता येईल."

"पण तिला वाटत असेल की तुम्हाला मिळालं. मिळूनही तुम्ही गप्प आहात."

रिक्षा खांदा कॉलनीचा पूल उतरली. हे त्यांच्याही लक्षात आलं होतं, माझ्याआधी. दिवस जाईल तशी त्यांची शांतता तिकडे उत्तर म्हणून पोचत होती, आणि ते उत्तर त्यांचं नव्हतं. पण ते दुरुस्त करायला जो एक प्रश्न विचारावा लागत होता, तो सोडून बाकी सगळे प्रश्न त्यांनी विचारायला घेतले.

पहिला अर्ज: आपल्या ठाण्याच्या हद्दीत गेल्या पाच वर्षांत पार्सल चोरीचे किती गुन्हे नोंद झाले? उत्तर वेळेत आलं. एकच शब्द होता: 'निरंक'.

हा शब्द सरांच्या जिव्हारी लागला. "निरंक!" ते जिन्यात मला थांबवून म्हणाले. "आपल्या एकट्या इमारतीतून बूट गेले, इस्त्री गेली, काकूंचा कुकर गेला. आणि गुन्हे निरंक!"

दुसरा अर्ज: याच काळात पार्सल 'गहाळ' झाल्याचे किती दाखले दिले? याचं उत्तर पानंच्या पानं भरून आलं. सर ती पानं दुपारी मोठ्याने वाचत. झोपण्याच्या हक्काच्या वेळेत, बंद दाराआड, त्यांचा आवाज माझ्या निळ्या खोलीत येई. "पनवेलमध्ये चोर नाहीत," शेवटी ते मला म्हणाले. "पनवेलच्या वस्तूंनाच पाय आहेत."

नोंद करणाऱ्याने 'गहाळ' लिहिलं की चोर शोधायला नको, चोर नाही म्हणून ठाण्याचं काम चांगलं, काम चांगलं म्हणून फलक चकचकीत. हे त्यांनी एका टिपणात मांडलं, वरच्या कार्यालयात पाठवलं, त्याची पोच मागितली, पोच आली नाही म्हणून अपील केलं. अपिलाच्या सुनावणीला मी एकदा त्यांच्याबरोबर बेलापूरला गेले होते. अधिकारी सभ्य होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्हाला यातून नेमकं काय हवंय?" सगळ्या प्रवासात पहिल्यांदा कोणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता. सर म्हणाले, "अभिलेखांची पाहणी." अधिकाऱ्यांनी मान डोलावली. ते उत्तर कायद्यात बसणारं होतं.

दरम्यान विचुंब्यात एका भाड्याच्या खोलीवर छापा पडला. न्यू पनवेलच्या इमारतींमधून खोकी उचलणारा एक माणूस सापडला आणि त्याच्या खोलीत ढिगाने फोडलेली पार्सलं. सर तडक म्हात्र्यांकडे गेले. तपास चालू असल्याने मुद्देमाल दाखवता येत नाही, असं म्हात्रे म्हणाले. मग तेच लेखी आलं. सरांनी त्यावर अपील केलं. गणपती आले, गेले. सर दिवसेंदिवस बारीक होत गेले आणि त्यांचे अर्ज जाड. आता इमारतीतले लोकही हसेनात. दसऱ्याला नाईककाकू आपट्याची पानं द्यायला वर आल्या आणि सरळ म्हणाल्या, "सर, मीनलला मुलगी झालीय म्हणे. केव्हाचीच. तुम्हाला कळवलं असेलच तिने." सरांनी पानं घेतली. "कळवलं असेल," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं. पाटी माझ्या नजरेसमोर आली. त्या दुपारी ती मला पहिल्यांदा विनोदी वाटली नाही.

पाहणीची परवानगी शेवटी मिळाली. आरोपपत्र दाखल झालं होतं, आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा म्हात्र्यांनी टेबल पुसून ठेवलं होतं, चहा सांगितला होता. बहुतेक वस्तू ज्याच्या त्याला परत गेल्या होत्या किंवा विकल्या गेल्या होत्या. उरली होती ती टरफलं. गोणीतून त्यांनी एकेक रिकामं खोकं काढलं. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधलेली. सर एकेक बघून बाजूला ठेवत होते. एकाला त्यांनी बाजूला ठेवलं नाही.

ते बिस्किटांचं जुनं खोकं होतं, वरून तपकिरी कागद लावलेला. पुस्तकांना आपण जूनमध्ये लावतो तो. फाडलेला होता, पण कोपरे शाबूत होते. कोपरे आत दुमडून, मग त्रिकोण करून, मग पुन्हा आत. डिंक न लावता कव्हर घालायची ही पद्धत सर प्रत्येक वर्गाला शिकवत. निम्म्या पनवेलच्या पुस्तकांना तसंच कव्हर असे. वर मोठ्या, तिरक्या अक्षरात सरांचं नाव. खोक्यात काही नव्हतं.

"हे?" म्हात्रे हळूच म्हणाले.

सरांनी मान डोलावली.

"थांबा, पंचनाम्यात काय लिवलंय ते वाचतो." म्हात्र्यांनी पान शोधलं आणि वर्गात उभं राहून वाचावं तसं वाचलं. "'एक पुठ्ठ्याचा खोका, तपकिरी कागद लावलेला, फाडलेल्या स्थितीत. आतील माल निरंक. कुरिअर कंपनीची चिठ्ठी निरंक. टपालाचा शिक्का निरंक. पाठवणाऱ्याचा पत्ता निरंक.' काहीच नाय, सर. नुसतं तुमचं नाव हाय."

मी तोपर्यंत खोक्याच्या आत बघत होते, सगळ्यांसारखी. सर बाहेरून बघत होते. त्यांनी खोकं फिरवलं. चारही बाजू, मग तळ. मग पुन्हा.

"शिक्का नाही," ते म्हणाले.

"नाय."

"चिठ्ठी फाडल्याची खूण?"

"नाय, सर. कागद कोरा हाय. लावलीच नसनार."

"मग हे आलं कसं?"

म्हात्रे मागच्या बाकावरचे होते, पण उत्तर त्यांना माझ्याआधी आलं. त्यांनी चहाचा कप सरांच्या जवळ सरकवला. सर खोक्यावर हात ठेवून बसले होते, एखाद्या मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

ती स्वतः आली होती. उरणहून एस.टी. धरून, शनिवारच्या दुपारी. वडील घरात असतात हे तिला माहीत होतं. दोन जिने चढून ती दारापर्यंत आली असणार, कारण पार्सल कुठे ठेवावं हे दाराशिवाय कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि कपाटाचा नियम ती गेल्यानंतरचा होता. तिने पाटी वाचली आणि आज्ञा पाळली. पाटीमुळे परतली की आणखी कशामुळे, याची नोंद कोणत्याही ठाण्यात नाही.

घरी आल्यावर सरांनी माझ्याकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला. माझ्याकडे नव्हता, काकूंकडून आणला. मी स्टूल धरलं. स्क्रू गंजले होते, पण सरांनी मला हात लावू दिला नाही. पाटी उतरली. तिच्यामागे दाराचा जुना रंग निघाला, बाकी दारापेक्षा ताजा.

मग ते फोनपाशी गेले. नंबर कुठे बघावा लागला नाही. मी निघायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. साक्षीदार लागत असावा.

"हॅलो," ते म्हणाले. "मी... न्यू पनवेलहून बोलतोय."

पलीकडे कोणीतरी काहीतरी म्हणालं.

"हो. मीच." एवढी अपिलं केली ती ज्यासाठी, तो प्रश्न आता ते विचारतील म्हणून मी वाट बघत होते. पार्सलमध्ये काय होतं. त्यांनी तो विचारलाच नाही.

"तू आली होतीस," ते म्हणाले. "किती वेळ उभी होतीस?"

उत्तर मला ऐकू आलं नाही. सरांनी डोळे मिटून ऐकलं.

"मी जागा होतो," ते म्हणाले. "मी दुपारी झोपत नाही, मीनल. मी जागाच होतो."

मी त्यानंतर थांबले नाही. माझं दार लावतानाचं एक वाक्य तेवढं कानावर पडलं: "पाटी काढली आहे. बघ. सवडीने."

सवड लगेच मिळाली नाही. अशा गोष्टींना तीस दिवसांची मुदत नसते. सरांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून एक ते चार दार सताड उघडं ठेवलं आणि दाराच्या आत खुर्ची टाकून ते बसायला लागले. कुरिअरवाले जिना चढून वर येत आणि समोर हा म्हातारा ताठ बसलेला बघून दचकत. "कोणाचं?" सर विचारत. "तिसऱ्या मजल्याचं, काका." "वर जा. घंटी वाजव. हातात दे." मीटरच्या कपाटाला त्यांनी स्वतः कुलूप आणून लावलं आणि एक किल्ली वीज कंपनीला पोचवली. पोच घेतली. खाली पावलं वाजली की त्यांचं वर्तमानपत्र खाली येई. पावलं पहिल्या मजल्यावर थांबली की पुन्हा वर जाई. सुट्टीच्या दिवशी मी माझंही दार उघडं ठेवायला लागले. आम्ही समोरासमोर बसून फारसं बोलत नसू. इतकी माणसांची चाहूल मी पुन्हा कुठल्याच घरात ऐकलेली नाही.

त्या उन्हाळ्यात माझी नाशिकला नवी नोकरी ठरली. किल्ली द्यायला गेले तेव्हा सर खुर्चीतच होते. त्यांनी माझ्याकडून किल्ली मिळाल्याची पावती लिहून मला दिली. मी विचारलं, "निळी खोली आता कोणाला देणार?" ते म्हणाले, "जाहिरात दिलेली नाही."

नाशिकला मी नवव्या मजल्यावर राहते. इथे पार्सल आलं की आधी मोबाइलवर कळतं, मग फाटकावरून फोन येतो, मग मी एक आकडा सांगते, मग ते माझ्या हातात पडतं. काही हरवत नाही. कोणी कोणाचं अक्षर ओळखत नाही. कधीकधी दुपारी मला उगाच वाटतं, समोरच्या दाराआड सपाता वाजताहेत आणि कोणीतरी गहाळ वस्तूंची यादी मोठ्याने वाचतंय. समोर लिफ्ट आहे.

पनवेल सोडून वर्ष होत आलं असेल तेव्हा एकदा मी न राहवून सरांना फोन केला. दुपारचे सव्वादोन झाले होते. जुन्या सवयीने आधी कचरले, मग पाटी आठवली, म्हणजे नसलेली. सरांनी लगेच उचलला. तब्येत, पाऊस, रस्त्यांची अवस्था, दोन प्रलंबित अपिलं. मागे घंटी वाजत होती. थांबे, पुन्हा वाजे. मी बोलत राहिले, ती वाजत राहिली. शेवटी मी धीर करून विचारलं, "सर, त्या पार्सलमध्ये काय होतं, कळलं का?"

"कळलं."

"काय होतं?"

"ती त्रयस्थ पक्षाची माहिती आहे," सर म्हणाले. "तिच्या संमतीशिवाय देता येणार नाही. आणि तिला अजून नीट बोलता येत नाही."

घंटी पुन्हा वाजली. आता लागोपाठ, न थांबता.

"सर, दारावर कोणीतरी आहे. तुम्ही आधी दार उघडा."

"दार उघडंच आहे," ते म्हणाले. "ती आतूनच बाहेर जाते, एरवी मी उचलून धरतो, आणि वाजवते. आता खुर्चीवर चढायला शिकली आहे." मग रिसीव्हर त्यांनी बहुधा दाराच्या दिशेने धरला असावा, कारण घंटी एकदम जवळ आली, आणि पुढे बराच वेळ आम्ही दोघं ती ऐकत राहिलो.